भुरीची पेंढ्याची लेक

मी एक जुनी कालवड आहे. हसू नका मित्रांनो. कालवड कधी जुनी होत नसते, हे मलाही कळतं. ती वाढते, तिला शिंगं फुटतात आणि एक दिवस लोक तिला गाय म्हणू लागतात. माझं तसं काही झालं नाही. मला शिवलं तेव्हा मी जेवढी होते तेवढीच आजही आहे. माझे गुडघे वाकत नाहीत, शेपूट हलत नाही आणि पोटात म्हणाल तर पेंढा आहे. होय, पेंढाच. मध्यंतरी एका उंदरिणीनं त्यात संसार थाटला होता, तेवढीच काय ती माझ्या पोटातली जाग.

कातडं मात्र माझं नाही. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही दचकणार नाही. आणि दचकलात तर दचका, मी स्वतः अजून दचकते. हे कातडं भुरीच्या लेकीचं आहे. भुरी म्हणजे या घरची एकुलती एक गाय. तिची लेक जन्मली, अंगणात चार पावलं धडपडली आणि आठवडाही न काढता गेली. तिच्या अंगात आता मी राहते. की माझ्या अंगात ती राहते? हा प्रश्न मी गोठ्यात उभ्या उभ्या इतक्या वेळा चघळला आहे की रवंथ करणाऱ्या गाईनंही माझ्यापुढे हात टेकावेत.

घर लहान आणि शेत त्याहून लहान. एका बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या बांधावरचा माणूस "ओरडतेस कशाला, इथंच आहे" म्हणेल, एवढंच. घरात मामंजी, सासूबाई आणि दोन सुना. दोघींचे नवरे लांब विटांच्या भट्टीवर कामाला. मीही सगळ्यांना सुनांच्याच नात्यानं ओळखते, कारण गोठ्यात वावर त्यांचा. थोरली सून अबोल. भुरीची आई लवकर मेली, तेव्हा थोरलीनंच भुरीला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. भुरी चालताना अजूनही मागे वळून थोरली येते आहे ना हे बघते. धाकटी घरात नवीन आणि उत्साहाचं नुसतं उधाण. तिच्या हातात झाडू आला की घरातलं मांजरसुद्धा पाय उचलून बसतं.

कालवड जन्मली तेव्हा सगळे आनंदात होते. गाय व्यायली की पहिले काही दिवस जे पिवळसर, घट्ट दूध येतं त्याला चीक म्हणतात. या घरात सासूबाईंचा नियम होता की चीक वासराला बाधतो. फार प्यायलं तर हगवण लागते. म्हणून वासराला तोंडापुरता चाटवायचा आणि बाकीचा काढून घ्यायचा, थोडा घरात, थोडा शेजारी. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना तसं सांगितलं होतं आणि त्या सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. इतक्या सासवांच्या पुढे कालवडीचं काय चालणार? तिला दोन घोट मिळाले आणि ओढून बाजूला बांधलं. ज्या हगवणीला सगळे भीत होते तीच तिला लागली. थोरली रात्रंदिवस तिच्याजवळ बसून होती. उपयोग झाला नाही.

गावाच्या टोकाला कातडं कमावणारा एक म्हातारा राहायचा. त्याला बोलावलं, कारण भुरीची कास दगडासारखी घट्ट झाली होती आणि ती दुधाचा थेंब सोडत नव्हती. गाय वासराला बघते, हुंगते, चाटते आणि मग आपोआप दूध खाली सोडते. त्याला पान्हा म्हणतात. वासरू नाही तर पान्हा नाही, पान्हा नाही तर दूध नाही. आणि मामंजींचा हिशोब साधा होता. दूध न देणारी गाय पोसायला या घरात ऐपत नाही, ती बाजारात जाणार. म्हणून मी हवी होते, मित्रांनो. भुरी घरात राहावी म्हणून.

म्हातारा अंगणाच्या कडेला पोतं टाकून बसला. सुरी चालवता चालवता मध्येच थांबला आणि म्हणाला, "हिच्या पोटात काहीच नाही की हो."

मग सासूबाई म्हणाल्या की हगवण लागली होती, पोटात राहणार काय. म्हाताऱ्यानं तसं असेल म्हणून मान हलवली आणि पुढचं काम केलं. कालवडीचं बाकीचं शरीर मामंजींनी शेताच्या कोपऱ्यात पुरलं. कातड्याला मीठ आणि राख चोळली, सावलीत वाळवलं, पायांत काठ्या घातल्या, पेंढा ठासून भरला आणि टाके घातले. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं होती. थोरलीनं आपल्या जुन्या कोटाची दोन काळी बटणं काढून आणली. म्हातारा म्हणाला, बटणं कशाला वाया घालवतेस, गाय वासानं ओळखते.

"गाय ओळखेल हो," थोरली म्हणाली. "मलाच बघवत नाही."

अशी मी झाले. मला भुरीसमोर उभं केलं तेव्हा ती खाली मान घालून होती. तिनं नाक पुढे केलं, माझ्या मानेवर ठेवलं आणि एक लांब श्वास घेतला. मग तिची खरखरीत जीभ माझ्या मानेवरून कानापर्यंत फिरली, आणि मी शहारले. आता मला सांगा मित्रांनो, पेंढा शहारतो का? काठ्या शहारतात का? मग त्या गोठ्यात शहारलं ते कोण?

पण तेवढ्यात खाली बादलीत धार वाजली. सासूबाईंनी देवाला हात जोडले. धाकटी टाळ्या पिटत होती. थोरली मात्र कपाळ भुरीच्या कुशीला टेकवून दूध काढत राहिली आणि धार संपली तरी बराच वेळ उठली नाही.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी आणि संध्याकाळी मला भुरीपुढे ठेवायचं, ती चाटायची, दूध सोडायची. घरातल्यांना दूध मिळालं, उरलेलं दूध केंद्रावर जाऊ लागलं. त्या दुधाचा थेंबसुद्धा मी कधी चाखला नाही, पण रुबाब बघा माझा! शेजारपाजारचे मला बघायला यायचे. मामंजी कौतुकानं सांगायचे की या घरात खायला न मागणारी, उलट न बोलणारी आणि दावं न तोडणारी अशी ही एकच मुलगी आहे. सुना तोंडावर हात धरून हसायच्या आणि सासूबाई त्यांच्याकडे डोळे वटारून बघायच्या.

मला मात्र हसता यायचं नाही, कारण दिवस कलायला लागला की माझ्या अंगात काहीतरी व्हायचं. भुरी अजून वळणाआड असायची, तिच्या पावलांचा आवाजही येत नसायचा, आणि माझं कातडं आपोआप ताणलं जायचं. काठ्यांच्या पायांना पळायची ओढ लागायची. ती माझी ओढ नव्हती. मी तर तिला चार दिवसांपूर्वी ओळखतही नव्हते. कुणीतरी माझ्या आतून दाराकडे बघत उभं असायचं आणि मला ते नुसतं सहन करावं लागायचं. एकदा वाऱ्यानं माझे कान हलले. निदान मी तरी वाराच म्हणेन. धाकटी तेव्हा शेण भरत होती. ती पाटी तिथंच टाकून पळाली आणि दिवसभर थोरलीच्या मागे मागे फिरत म्हणत राहिली, "ताई, तिनं ऐकलं गं. मी भुरीला हाक मारली नि तिनं ऐकलं."

चाटून चाटून माझ्या मानेवरचे केस गेले. तिथलं कातडं चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं. भुरी रोज तिथूनच सुरुवात करायची.

आता पुढचं ऐका, कारण इथून सगळं फिरलं.

दूध केंद्रानं जाहीर केलं की साहेब गोठे बघायला येणार आणि ज्याचा गोठा सर्वांत स्वच्छ त्याला दुधाची नवी कोरी चकचकीत किटली मिळणार. झालं. धाकटीच्या अंगात वारं शिरलं. तिनं भिंतींना चुना लावला, गटार उपसलं, खुंटे घासले, कोळिष्टकं काढली. कोळ्यांनी बिचाऱ्यांनी शेजारच्या गोठ्यात बिऱ्हाडं हलवली. तपासणीच्या सकाळी थोरली भुरीला घेऊन दूरच्या गवताच्या पट्ट्यात गेली होती. धाकटी कमरेवर हात ठेवून गोठाभर नजर फिरवत होती आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"शी, हिच्या अंगाला काय वास येतोय," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, एक तर मला जीभच नाही. भुरी मला वासानं ओळखते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट नव्या माणसाला सांगायची राहूनच जाते. तिनं मला पाण्यावर नेलं, साबण लावला आणि ब्रशनं घासघासून धुतलं. फेस वाहत होता. त्या फेसात मिठाचा वास होता, गोठ्याचा वास होता, भुरीच्या लाळेचा वास होता, आणि या सगळ्यांच्या खाली जो एक कोवळा वास होता तोही होता. ती, भुरीची लेक, चालली होती. पाण्याबरोबर माझ्या अंगातून उतरून उताराकडे चालली होती. थांब म्हणावं असं फार वाटलं, पण माझे ओठ टाक्यांनी शिवलेले.

भिजलेला पेंढा धाकटीनं उपसून टाकला, मला कुंपणावर वाळवलं, नवा कोरडा पेंढा भरला आणि लाल दोऱ्यानं नाजूक टाके घातले. मी आयुष्यात इतकी देखणी कधी दिसले नव्हते. आणि आत नुसती शांतता. इतके दिवस मला तिची भीती वाटायची. आता ती नव्हती, तर त्याहून जास्त भीती वाटू लागली.

साहेब आले. गोठा बघून खूष झाले. जाता जाता त्यांनी लाडानं माझं डोकं थोपटलं, मग माझ्या बटणांकडे नीट पाहिलं आणि हात खिशात घातला. टाके छान आहेत म्हणाले. किटली आपल्याच घराला मिळाली. सासूबाईंनी ती पुन्हा पुन्हा पुसली, मामंजींनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली आणि धाकटीनं तीत स्वतःचं तोंड बघितलं.

संध्याकाळी भुरी आली. माझं कातडं ताणलं गेलं नाही. ती सवयीनं माझ्याजवळ आली, मानेवर नाक टेकवलं आणि झटक्यात मागे सरली. पुन्हा हुंगलं. माझ्या मागे जाऊन बघितलं. कोपऱ्यात बघितलं, गव्हाणीखाली बघितलं, दाराकडे बघितलं. मी तिच्यासमोर उभी होते आणि ती मला शोधत होती.

मग तिनं हंबरडा फोडला.

लेक मेली त्या दिवशी भुरी ओरडली नव्हती. ती ओरडायच्या आत, कातडं वाळताच मला पुढे केलं होतं. ते राहिलेलं ओरडणं त्या संध्याकाळी बाहेर पडलं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतींवर ते आपटत होतं, आणि खाली नवी किटली कोरडी होती. धाकटीला सगळं एकदम उमजलं. ती मटकन खाली बसली. "ताई, मी चांगल्यासाठी केलं गं," ती म्हणाली. थोरली म्हणाली, "ठाऊक आहे." आणि तिला उठवून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सोडल्या सोडल्या भुरी सरळ शेताच्या कोपऱ्यात गेली आणि तिथं मान खाली घालून उभी राहिली. जिथं पुरलं होतं तिथं. तिला ती जागा कुणी दाखवली नव्हती.

सासूबाईंनी हार मानली नाही. भुरीच्या गोमूत्रात भिजलेला पेंढा त्यांनी माझ्या अंगावर रगडला, शेण लावलं, वर मीठ चोळलं. इतका घाण वास माझ्या अंगाला पूर्वीही नव्हता. भुरीनं मला चाटलं, हो. पण दगडावरचं मीठ चाटावं तसं चाटलं. मीठ संपलं तशी तिनं तोंड फिरवलं. कास घट्ट राहिली, मग हळूहळू सैल पडली आणि दूध आटलं.

मामंजी वाईट माणूस नव्हते. ते दोन दिवस भुरीच्या जवळून जाताना दुसरीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जनावरांच्या व्यापाऱ्याला बोलावलं. व्यापाऱ्यानं भुरीचे दात बघितले, फासळ्या चाचपल्या, शेपूट उचलून बघितलं आणि भाव पाडायला सुरुवात केली. पान्हा चोरणारी गाय म्हणजे जावयापेक्षा महाग, म्हणाला, बसून खाणार आणि वर रुसणार. मामंजीही म्हणाले, खरं आहे, चोरटीच निघाली.

थोरली गोठ्याच्या दारात उभी होती. माझ्या माहितीत ती मामंजींसमोर कधी बोललेली नव्हती.

"चोर कोण, मामंजी?" ती म्हणाली. "तिच्या लेकीचा पहिला घास आपण काढून घेतला, वाटून खाल्ला. पोट रिकामं होतं तिचं. आपण सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर इतके दिवस पेंढ्याला चाटून तिनं आपल्याला पाजलं. आता तिनं स्वतःचं राखलं, तर ती चोर?"

मामंजी सासूबाईंकडे बघू लागले, कारण आता त्या सुनेला झापणार हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"चीक बाधतो असं मीच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मला सांगितलेलं मी पुढं सांगितलं. बघितलं मात्र कधीच नाही." मग व्यापाऱ्याकडे वळल्या. "तुम्ही चहा घ्या, नि निघा."

त्यानं खरंच चहा घेतला आणि निघाला. मामंजी बराच वेळ डोकं खाजवत बसले. शेवटी एवढंच म्हणाले की चारा कोण आणणार. दोघी सुना एकदम बोलल्या, आम्ही. आणि त्यांनी आणला. बांधाबांधावरून, ओढ्याच्या काठावरून, डोक्यावर भारे घेऊन आणला. नव्या किटलीतून भुरीला पाणी मिळू लागलं. दूध नव्हतं, घरात कुरकुर होती, पण भुरी होती. मग ती गाभण राहिली.

मला गोठ्याच्या माळ्यावर टाकलं. पाय वर, बटणं छताकडे. उंदरीण आली ती तेव्हाच. माझी आठवण कुणी काढत नव्हतं आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. खालून भुरीचा श्वास ऐकू यायचा. तो दिवसेंदिवस जड होत गेला.

यंदा उन्हाळा लांबला आहे, मित्रांनो. ओढ्याचा काठ करपला, बांधावर गवताची काडी नाही आणि चाऱ्याची गंजी तळापर्यंत आली. भुरीचे दिवस भरत आले आहेत आणि तिच्या फासळ्या दिसू लागल्या आहेत. आज सकाळी थोरली माळ्यावर चढली. तिनं मला खाली उतरवलं, मांडीवर घेतलं आणि कात्रीनं लाल दोरा उसवायला घेतला.

सासूबाईंनी बघितलं. "फोडू नको गं तिला," त्या हळूच म्हणाल्या. "पुढं लागली तर?"

"लागणार नाही," थोरली म्हणाली. "या वेळी चीक आधी वासराच्या पोटात जाईल."

सासूबाईंनी पदर खोचला. मग त्याही खाली बसल्या आणि दुसऱ्या बाजूचे टाके उसवू लागल्या. मी स्वतः राखणीला बसते, म्हणाल्या, बघू कोण बादली घेऊन येतं ते.

तर मित्रांनो, बोलायला आता माझ्याकडे थोडाच पेंढा उरला आहे, म्हणून घाईनं सांगते. तुमच्या गोठ्यात वासरू जन्मलं तर त्याला आधी पोटभर पिऊ द्या. गाईचा पहिला चीक त्याच्यासाठीच असतो. उरला तर तुमचा. कुणी कितीही पिढ्यांचं नाव सांगो, एकदा वासराच्या पोटाला हात लावून बघा. आणि माझ्यासारखी कुणी शिवू नका. टाके कितीही सुंदर घालता येत असले तरी नका शिवू. आईसमोर उभं राहून तिला हाक न देता येणं काय असतं, हे तुम्हाला कधी कळू नये.

पोट रिकामं झालं, पेंढा भुरीच्या गव्हाणीत गेला. पायांतल्या काठ्या चुलीकडे गेल्या. कातडं जमिनीवर सपाट पडलं आहे आणि धाकटी ते घडी करून शेताच्या कोपऱ्यात नेणार आहे, भुरीच्या लेकीजवळ. मानेतल्या पेंढ्याची शेवटची मूठ थोरलीच्या हातात आहे. मी कातडं होते की पेंढा, ते आता ठरणारच आहे.

भुरीनं ती मूठ हुंगली. जरा थांबली. मग खाऊ लागली. तिच्या कुशीवर आतून एक लहानसा खूर उमटला आणि पुन्हा विरला.

मी तिकडे निघाले आहे.